खिडकीतली डावरी मुलगी

आनेली,

तुझे दिवस होऊन गेले, तरी समाचाराला येणाऱ्या बायका थांबलेल्या नाहीत. रोज दुपारी दोघीतिघी येतात, नको नको म्हणत चहा घेतात आणि तुझ्याबद्दल बोलतात. "परमुलखातली असून किती आपली झाली हो!" "आणि काय ते हात! देवानं जादू घालून पाठवलेले." मी कपबश्या उचलते आणि मनात म्हणते, झालं सुरू. जिवंत होतीस तेव्हा या घरातलं निम्मं कौतुक तुझ्या वाट्याला जायचं. आता सगळंच तुझं.

माणूस गेलं की त्याच्याशी गोड बोलायची रीत आहे. मला ती जमणार नाही. मी तुझी थोरली जाऊ, शाळेतली चित्रकलेची बाई, आणि तू या घरात पाऊल ठेवलंस तेव्हापासून मी तुझा हेवा करत आले. तुला ते ठाऊक होतं. तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. आपण दोघींनी तो विषय कधी काढला नाही, इतकंच.

श्रीधरभाऊजी शिकायला स्वित्झर्लंडला गेले आणि येताना तुला घेऊन आले. सासूबाईंनी आधी अन्न सोडलं, मग अबोला धरला. आणि मग एका सकाळी तू अंगणात फतकल मारून बसलीस आणि त्यांच्या पापडांवर टपलेल्या कावळ्याचं चित्र काढलंस. ते बघून त्या हसल्या. संपला अबोला. मी या घरात आले तेव्हा पुरणपोळीपासून सुरुवात केली होती, आणि ते हसू मला मिळालं का, हे अजून मला नक्की सांगता येत नाही.

पुस्तकांत चित्रं काढणारी आणि चर्चच्या खिडक्यांना रंगीत काचांची चित्रं बसवणारी सून! अंधेरीच्या आमच्या गल्लीत हे सांगताना सासूबाईंचा आवाज चढायचा. "आमची थोरलीपण चित्रं शिकवते हो," असं त्या मागाहून जोडायच्या, भाजीवाल्यानं वर कोथिंबीर टाकावी तसं.

तुला सगळंच माफ होतं. माझं लग्न झालं तेव्हा तांदळात नाव लिहून माहेरच्या मथुरेची सुनंदा केली. 'मथे' म्हणून हाक मारणारं त्यानंतर कोणी उरलं नाही. तुझं नाव बदलायची गोष्ट निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. तिची आई तिकडे काय म्हणून हाक मारील?" माझ्या आईला तोंड नव्हतं वाटतं! मी सासूबाईंना जन्मभर अहोजाहो केलं. तू आल्या आल्या म्हणालीस, "आई, तू बस, मी करते." आणि त्या बसल्या.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते एकच. चैत्रातलं तुझं पहिलं हळदीकुंकू. ओसरीभर बायका, वाटली डाळ, पन्हं. मी तुला आदल्या दिवशी सगळं शिकवलं होतं, कोणाला आधी, कोणाला नंतर, गुलाबदाणी कशी शिंपडायची. हात कोणता हे सांगायला हवं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. तू खुशाल डाव्या हाताच्या बोटावर कुंकू घेतलंस आणि समोरच्या बाईंच्या कपाळाला लावलंस. कोणीतरी घशातल्या घशात "अगंबाई" म्हणालं. सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. आणि सासूबाई मोठ्यानं हसल्या. "अहो, ती डावखुरी आहे. तिचा तोच उजवा समजा!" मग बायकाही हसल्या आणि डाळीची ताटं परत फिरू लागली. मी पन्ह्याचं भांडं घेऊन उभी होते. ते माझ्या हातून पडलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

कारण मी डावरी आहे, आनेली. तू मला किती वेळा विचारलंस, आणि मी किती वेळा नाही म्हणाले.

लहानपणी मी डाव्या हातानं जेवायची, डाव्या हातानं अंगणातल्या फरशीवर कोळशानं चित्रं काढायची. कोंबड्या फार. आमच्या आत्यानं जुन्या धोतराची चिंधी फाडली आणि माझा डावा हात कमरेशी बांधून टाकला. अंघोळीपुरता सुटायचा. मी भोकाड पसरायची ती हात दुखतो म्हणून नाही. कोळसा उजव्या हातात धरला की कोंबडी कोंबडी व्हायची नाही, म्हणून. हळूहळू हात विसरला, निदान सगळ्यांना तसं वाटलं. उजव्या हातानं मी चित्रकलेच्या सगळ्या परीक्षा दिल्या आणि पास झाले. अक्षर वळणदार झालं, नोकरी लागली. या हाताला काही येत नाही असं मुळीच नाही. सगळं येतं.

आणि समोर तू. डाव्या हातानं पोळी उलटायचीस, डाव्या हातानं सुपारी द्यायचीस, डाव्या हातानं चित्र काढायचीस, आणि जग तुला टाळ्या वाजवायचं. माझ्यावेळी हे जग कुठे गेलं होतं?

गिरगावातल्या त्या प्रकाशकाकडे आपण दोघी गेलो होतो ते आठवतं? मुलांच्या गोष्टींचं पुस्तक होतं. मी रात्रंदिवस खपून चित्रं केली होती. तो बराच वेळ बघत राहिला. "बाई, रेघ अगदी स्वच्छ आहे तुमची," तो म्हणाला. "पण हा कावळा उडेलसं वाटत नाही." मग त्यानं तुझा कावळा हातात घेतला. मान वाकडी, एक पाय बेढब आणि चोचीत अख्खा पापड. पुस्तक तुला मिळालं. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "वहिनी, तुझा कावळा शाळेत गेलेला आहे. माझा चोर आहे." मला हसवायला म्हणालीस, आणि मी हसलेसुद्धा. घरी येऊन मात्र कणीक तिंबता तिंबता तुझ्या नावानं बोटं मोडली.

मरोळकडच्या चर्चमधली तुझी पहिली खिडकी बसली तेव्हा तू मला घोडागाडीत घालून घेऊन गेलीस. सकाळची वेळ होती. आत गेल्यावर तू खिडकीकडे बोट दाखवत होतीस आणि मी मान खाली घालून उभी. तुला वाटलं, मला आवडलं नाही. तसं नव्हतं गं. माझ्या पांढऱ्या लुगड्यावर तांबडं काहीतरी सांडलं होतं, आणि मी ते हातानं झटकत होते, कुंकू सांडलंय समजून. झटकलं तरी जाईना. मग कळलं की तो तुझ्या काचेतून आलेला उजेड आहे. मी उजव्या हातानं आयुष्यभर कागदावर रंग लावले, आणि तू उन्हालाच रंग लावून ठेवला होतास. परत येताना मी तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही. तू आपली घोड्याच्या कानांची चित्रं काढत बसलीस.

जोगेश्वरीच्या लेण्यांतही तेच. मी खांब काढले, अगदी मापात. तू खांबांकडे ढुंकून बघितलं नाहीस. दारातून आत आलेला आणि फरशीवर पडलेला उजेडाचा तुकडा तेवढा काढलास. आपण भांडलो. मी म्हटलं, लेणं म्हणजे खांब, माणसानं कोरलेले. तू म्हणालीस, नाही, लेणं म्हणजे दार. अजून मला वाटतं की माझंच बरोबर होतं. तुझं चित्र बघितलं की वाटत नाही, ते सोड.

हेवा करावा त्या माणसानं निदान वाईट तरी असावं. तू तेही केलं नाहीस. मला टायफॉइड झाला तेव्हा तू माझ्या उशाशी बसून असायचीस. मला मऊ भात आणि वरण करून घालायचीस. त्या वरणाला मीठ, हळद, हिंग, कसलीच चव नसायची, आणि तू इतक्या आशेनं तोंडाकडे बघायचीस की मी वाटी संपवायची. तापातून उठले तेव्हा माझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर तू खडूनं एक मांजर काढून ठेवलं होतंस, माझ्याचकडे वैतागून बघणारं. सासूबाईंनी ती भिंत कितीतरी दिवस सारवू दिली नाही. मी बरी झाले त्यात डॉक्टरांचा वाटा किती आणि त्या मांजराचा किती, देव जाणे.

मागची पडवी म्हणजे तुझा कारखाना. बाहेरून काच मागवायची तर परवाने मिळेनात, म्हणून तू पाडलेल्या जुन्या बंगल्यांच्या रंगीत तावदानांचे तुकडे गोळा करायचीस. कोणाच्या घरी निळी बाटली दिसली की तुझा जीव तिच्यावर. काचा कापायच्या, त्यांच्यावर काळ्या रंगानं चेहरे, बोटं, चुण्या काढायच्या, मग कोळशाच्या भट्टीत भाजायच्या, आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे डाख देऊन जोडायचे. तू मला पहिल्यांदाच सांगितलं होतंस, "भट्टीत जाईपर्यंत बोटानं पुसता येतं, वहिनी. नंतर नाही. नंतर दोनशे वर्षं."

त्या पडवीतच तू मला पकडलंस. काचेवर काळ्या रंगाचा पातळ थर दिलेला होता, आणि तू तो काडीनं खरवडून त्यातून उजेड काढत होतीस. चौकट हलत होती म्हणून मला धरायला सांगितलंस. मी उजव्या हातानं चौकट धरली. तू भट्टीकडे वळलीस. काडी समोर पडली होती. माझ्या डाव्या हातानं ती उचलली आणि काचेच्या कोपऱ्यात एक कोंबडी खरवडली. मी काढली असं म्हणवत नाही, हातानं काढली. मान पुढे घातलेली, एक पाय वर, आत्ता ओरडेल अशी. इतक्या वर्षांनी तिला मी लगेच ओळखलं.

तू मागे उभी होतीस. "वहिनी, तू डाव्या हाताची."

"छट्! उजवा हात अडकला होता माझा."

"मी बघितलं."

"काय बघितलंस? डोंबल?" असं म्हणून मी ओल्या फडक्यानं कोंबडी पुसून टाकली. तू एखादं पिल्लू मेल्यासारखा चेहरा केलास. त्यानंतर तू सोडलं नाहीस. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, मधेच विचारायचीस. मी नाही म्हणायची. का, ते विचारू नकोस. हो म्हटलं असतं तर मग मला उरलेल्या आयुष्याचं काय करायचं ते ठरवावं लागलं असतं. शिवाय तुझ्यासमोर! तुला ते एवढं सहज मिळालेलं, आणि मी तुझ्याकडे चिंधीची कहाणी सांगत बसू?

मग आमच्या शाळेची खिडकी आली. जिन्यासमोरची ती मोठी जागा. ती बघून मी कैक वर्षं मनाशी म्हणत होते, इथे कधीतरी मला चित्र काढायला सांगतील. एक दिवस मुख्याध्यापिका लिमयेबाईंनी मला बोलावून घेतलं. "जिन्यासमोर काहीतरी सुंदर करावं म्हणते," त्या म्हणाल्या. मी मनात त्या जागेची मापं घ्यायला लागले. "तुमच्या जाऊबाईंना विचाराल का?" आणि मी, घरी येऊन, तुला विचारलं. काय चेहरा करून विचारलं ते माझं मला ठाऊक.

आंब्याखाली पाटीवर लिहीत बसलेल्या मुली, मधे शिकवणाऱ्या बाई, मागे फळा. आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातली शेवटची मुलगी, पेन्सिल डाव्या हातात. लिमयेबाई कागदावरचा आराखडा बघायला पडवीत आल्या आणि नेमक्या तिथेच अडल्या.

"हे नाही चालायचं. पालक काय म्हणतील? शाळेनं वळण लावायचं की बिघडवायचं?"

"ती तशीच आहे," तू म्हणालीस.

"अहो, पण तुम्हीच काढलीत ना तिला!" मग बाईंना एकदम सुचलं. "काच काय, दोन्हीकडून सारखीच. उलटी बसवा ना! तुमचं चित्र तुमच्यापाशी, आणि डाव्याचा उजवा होतोय."

तू तो मोठा कागद उचललास आणि दाराच्या उजेडासमोर उलटा धरलास. शेवटची मुलगी उजवी झाली होती खरी. बाकीच्या सगळ्या मुली एकजात डावऱ्या. शिकवणाऱ्या बाईंचा पदर उजव्या खांद्यावर, आणि फळ्यावरचा 'श्री' पाठमोरा. लिमयेबाईंनी चष्मा सारखा केला. "अगंबाई, आता सगळी शाळाच बिघडली की!" असं म्हणून त्याच आधी हसल्या. मीही हसले. जाताना मात्र बजावून गेल्या, "तरी ती एक तेवढी सुधारा हं."

त्या गेल्यावर मी तुला म्हटलं, "दे ना पेन्सिल उजव्या हातात. तुझं काय जातंय? तू डावरी म्हणून खिडकीतसुद्धा तूच बसायला हवीस का?"

"ती मी नाही, वहिनी."

"मग कोण?"

तू माझ्या हाताकडे बघितलंस. मी पडवीचं दार आपटून निघून आले, आणि आपलं भांडण तिथेच राहिलं. कारण पुढच्याच आठवड्यात तुझे डोळे पिवळे झाले. इस्पितळात मी तुझ्याजवळ बसत होते, पण आपण उसाच्या रसाबद्दल आणि पथ्याबद्दल बोलत होतो. एकदाच तू म्हणालीस, "वहिनी, हात राहिला." मी म्हटलं, "बोलू नकोस, पडून राहा." तू ऐकलंस. एरवी कधी माझं ऐकायची नाहीस, तेव्हाच बरं ऐकलंस.

खिडकी तू जवळजवळ पुरी केली होतीस. राहिला होता तो कोपऱ्यातला एक तुकडा, मुलीची पाटी आणि दोन्ही हात. काच कापून ठेवली होतीस, रंग नव्हता. काल श्रीधरभाऊजी म्हणाले, "वहिनी, भट्टी मी पेटवतो. तेवढे हात तुम्ही रंगवा. दुसरं कोण आहे?" लिमयेबाईंचा निरोप आधीच आला होता, समाचाराबरोबरच. "बाई गेल्या, फार वाईट झालं. आता तुम्ही आहात, तर पेन्सिल उजव्याच हातात द्या."

आज दुपारी मी तुझ्या जागेवर बसले. हट्टानं उजव्या हातात कुंचला घेतला. तुझं ते टेबल! खिडकी आणि दार उजवीकडे, कुंचले डावीकडे, हात टेकायची फळी डाव्या कोपरानं झिजलेली. माझ्या उजव्या हाताची सावली बरोबर काचेवर पडली. तशीच रेटून मी पेन्सिल काढली, उजव्या मुठीत. सुबक, स्वच्छ, शाळेत गेलेली मूठ. पुसली. पुन्हा काढली. पुन्हा तशीच झाली, पुन्हा पुसली. मग तुला एक शिवी हासडली आणि कुंचला डाव्या हातात घेतला.

हाताला सवय राहिली नव्हती. पण तो वाट चुकला नाही. बोटं आखूड झाली, अंगठा जरा जास्तच बाहेर आला, आणि पेन्सिल अशी घट्ट धरली गेली की आता कोणी काढून घेईल म्हणून भीती वाटावी. मग मी मनगटावर एक चिंधी काढली, गाठ सुटून खाली लोंबणारी. ती तुझ्या आराखड्यात नव्हती. तुला ठाऊकच नव्हती, तर असणार कुठून?

तेवढ्यात उजेड कमी झाला. दारात सासूबाई उभ्या होत्या. माझ्या हाताकडे बघत होत्या. मला वाटलं, आत्याच मागे येऊन उभी राहिली. कुंचला उजवीकडे घ्यावा असं मनात आलं, पण रंग वाळत होता.

"सुनंदा."

"काय?"

"मी तुझ्या उजेडात उभी आहे का गं?"

आणि त्या दारातून बाजूला झाल्या, पायरीवर जाऊन बसल्या. त्यांना काय दिसलं आणि काय समजलं, मी विचारलं नाही. तुला हे आल्या आल्या मिळालं होतं. मला आज मिळालं, तेही तुझ्या खुर्चीत बसून, तू नसताना. याचासुद्धा मला राग येतो, आनेली. हे बघायला तू हवी होतीस. डोळे मोठे करून "मी बघितलं" म्हणायला हवी होतीस.

खिडकी बसली की लोक जिन्यात थांबतील आणि म्हणतील, काय हात होता त्या बाईचा! लिमयेबाई डोक्याला हात लावतील आणि तुझी शेवटची इच्छा समजून गप्प बसतील. मी काही तिथे उभी राहून सांगणार नाही की तेवढा तुकडा माझा. रोज जिना चढताना जळेन मात्र नक्की.

तुकडा आत आहे. भाऊजींनी भट्टीचं दार लावलंय, निवल्याशिवाय उघडायचं नाही म्हणतात. कोंबडी मी पुसली होती, आठवतं ना? हे आता पुसता यायचं नाही. मलासुद्धा.